फ्रिजवरचं चुंबक
लेकीचं शाळेचं वेळापत्रक फ्रिजवर लावताना हे चुंबक हातात आलं की जालन्याच्या कारखान्यातला गरम तेलाचा वास नाकात शिरतो. शेजारच्या मशीनवर माझ्याच गावचा एक जण होता. मशीनचं दार उघडलं की आतला लोखंडी हात जागीच थांबायचा, पण यानं दाराच्या सेन्सरवर चुंबक चिकटवून दार बंदच आहे असं मशीनला फसवलं होतं, आणि चालू मशीनमधूनच तो अडकलेले तुकडे काढायचा. त्याचं काम माझ्या कितीतरी पुढं, फळ्यावर दर महिन्याला त्याचाच फोटो. मी जळायचो. एका दुपारी तो जेवायला गेल्यावर मी चुंबक काढून खिशात घातलं, त्याच्या जिवासाठी नाही, त्याचं मशीन सारखं बंद पडावं म्हणून. तो आला, न बघताच दार उघडून हात घातला आणि तेलावरून पाय घसरून खांद्यापर्यंत आत गेला. लोखंडी हात त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता. “मशीननंच वाचिवलं रे मला,” तो म्हणाला. “मंग, बराबर हाय,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यानं मशीनपुढं नारळ फोडला, मशीनला झेंडूचा हार घातला. चुंबक तेव्हाही माझ्या खिशातच होतं, आणि आज ते फ्रिजवर दाबून बसवतानाही वाटतं, तो हार माझा होता.