लाइनीतला शेवटचा ट्रक

ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही मला खुर्चीत बसवत नाही. उठतो, अंगणात चकरा मारतो. बायको म्हणते, "आता कोणाला धरायचं राहिलंय?" तिला काय सांगू? त्या प्रकरणात मी धरला तो माणूस निर्दोष होता, आणि त्याला दोषी ठरवणारा एकेक कागद मीच नियमाप्रमाणे तयार केला होता.

मी तेव्हा माजरीच्या बाजूला, कोळशाच्या पट्ट्यात ठाणेदार होतो. हिवाळ्यातली दिवेलागणीची वेळ. एक शेतकरी बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून बाजारातून गावी चालला होता. वळण संपताच पुढे कोळशाने भरलेला ट्रक संथ चाललेला. मोटरसायकल मागून त्याच्यावर आदळली. शेतकरी जागीच गेला. बायकोचा हात मोडला, जीव वाचला.

तिचा जबाब मी दवाखान्यात घेतला. ती रडत नव्हती, तेच जास्त जड जात होतं.

"लाइट नोता साहेब. मांगून एकही नोता. आमचे हे हळूच चालवत होते. एकदम समोर ट्रकच."

ड्रायव्हर तिशीतला, एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावचा. घरी गोंडी बोलणारा, गावातून ट्रक चालवायला बाहेर पडलेला पहिलाच माणूस. अपघातानंतर ड्रायव्हर बहुधा जमावाच्या भीतीने पळतो. हा पळाला नव्हता. त्याने त्या बाईला उचलून कडेला बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि आमची गाडी येईपर्यंत तिथेच उभा राहिला. ही गोष्ट मी तेव्हाच मनावर घ्यायला हवी होती. नाही घेतली.

ट्रक जप्त करून ठाण्याच्या आवारात आणला. तिसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक आले, गाडी तपासली. मागचे सगळे दिवे लख्ख पेटले. "यांत्रिक दोष आढळला नाही," असा अहवाल देऊन ते गेले. मग उरलं काय? दिवे ठीक, बाई म्हणते बंद होते, म्हणजे यानेच लावले नव्हते.

चौकशीत तो एकच वाक्य धरून बसला. "लाइट चालू होते साहेब. समोर मीटरच्या काचेवर निशाणी दिसून राह्यली होती. मी पाह्यलं."

"मग ती बाई खोटं बोलते?"

"नाई साहेब. बाई काऊन खोटं बोलन?"

"म्हणजे तू खोटं बोलतोस!"

"मी बी नाई."

माझं डोकं फिरलं. मी हात उचलला. एकदाच, पण उचलला. आज लिहितानाही लाज वाटते, म्हणून लिहितोच आहे.

त्याने गाल चोळला नाही. जमिनीकडे पाहत हळूच म्हणाला, "तुम्ही सारेच म्हणता, तर बंदच असन. मलेच चुकीचं दिसलं असन."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. तपास अधिकाऱ्याच्या मनात मात्र ती पक्की बसते, आणि मग तो दुसरं काही शोधत नाही. माझंही तेच झालं. दुसऱ्या दिवशी त्याला जामीन मिळाला, लायसन्स जमा झालं, तो गावी गेला. मी दोषारोपपत्र लिहायला घेतलं.

आणि लिहून होईना. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, आवारात जाऊन त्या ट्रकभोवती फिरायचं. खोटं बोलणारा माणूस आपली गोष्ट बदलतो ती स्वतःला वाचवायला. याने बदलली ती स्वतः बुडायला. असला खोटारडा मी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. ठाण्यातले जमादार मला ट्रकपाशी पाहून हसायचे. "साहेब, ट्रक पळून नाई जात." जेवण गोड लागेना. घरी सगळ्यांवर खेकसायचो.

अशात एक दिवस ठाण्यासमोर एक माणूस घुटमळताना दिसला. वजनकाट्याजवळ त्याचं पंक्चरचं दुकान होतं. आत बोलावलं तर आधी म्हणाला, काई नाई, असाच आलो. चहा पाजला तेव्हा बोलता झाला.

"साहेब, तो डायव्हर खोटा नाई. त्या नव्या गाड्याइचं असंच हाये. लाइनीत लय वेळ राह्यल्या का मांगचे दिवे जाते. समोर काचेवर चालूच दिसते."

खाणीतून भरून निघालेल्या ट्रकची वजनकाट्यापुढे लांब लाइन लागते. तिथे पाटी आहे, 'इंजिन बंद ठेवा'. म्हणून ड्रायव्हर गाडी चालू करतात, एक ट्रकभर पुढे सरकतात, बंद करतात. पुन्हा चालू, पुन्हा बंद. काट्यापर्यंत पोहोचेतो हेच.

"मग बाकीच्यांना कसं कळतं?"

"मांगचा डायव्हर उतरते, पुढच्या गाडीच्या डाल्यावर, मांगच्या फळीवर, दोन थापा मारते. मंग पुढचा डायव्हर बॅटरीची तार काढते, परत लावते. दिवे येते. सारे म्हणते, वायरिंग ढिली हाये. हा पोरगा त्या गाडीवर नवा. अन् त्या दिवशी लाइनीत शेवटचा होता. त्याच्या मांगं थाप माराले कोनीच नोतं."

मी शेजारी उभ्या जमादारांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते.

जप्त वाहनांच्या बॅटऱ्या चोरीला जात, आणि भरलेला कोळसा आतल्या आत धुमसतो. म्हणून ट्रक आवारात आला की पहिल्यांदा बॅटरी काढून कोठडीशेजारच्या खोलीत ठेवायची, हा माझाच हुकूम होता. माझ्या या शिस्तीचा मला फार अभिमान होता. निरीक्षक आले तेव्हा आम्ही बॅटरी नव्याने जोडून दिली होती. म्हणजे गाडीतला दोष, तपासणीच्या आधी, आम्हीच साफ पुसून टाकला होता.

निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. भर सकाळी, पंचांसमोर, आवारातच लाइन लावल्यासारखा ट्रक सरकवायला सुरुवात केली. चालू, थोडं पुढे, बंद. पुढची जागा संपली की मागे घेऊन पुन्हा तेच. पंच कंटाळले. एकाने बिडीसाठी सुट्टी मागितली. मी कोणाला हलू दिलं नाही. अठराव्या वेळी मागचे सगळे दिवे एकदम गेले. मी धावत जाऊन केबिनमध्ये डोकावलो. समोर हिरवी निशाणी लख्ख पेटलेली होती.

तिथून थेट, ज्यांचा तो ट्रक होता त्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. व्यवस्थापकाने न विचारताच एक फाइल पुढे केली. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र होतं, अपघाताच्या बऱ्याच आधीचं. दिव्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे, मागचे दिवे काही वेळा बंद पडू शकतात आणि चालकाला ते कळत नाही, गाड्या वर्कशॉपला आणा, मोफत दुरुस्त करून देऊ.

"मग नेल्या का नाहीत?"

"नेणारच होतो साहेब. पत्रात 'काही वेळा' लिहिलं होतं ना."

ड्रायव्हरांपैकी कोणाला हे पत्र वाचून दाखवलं नव्हतं. इंग्रजीत होतं, हे त्याचं कारण. त्याच दिवशी त्या मॉडेलचे सगळे ट्रक उभे करायला लावले आणि व्यवस्थापकावर गुन्हा नोंदवला. ड्रायव्हरचं नाव आरोपींतून काढावं म्हणून कोर्टात अहवाल दिला. त्या बाईलाही जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मंग तो काऊन कबूल झाला?" उत्तर मला ठाऊक होतं. तेही तिला सांगितलं.

लायसन्स घेऊन मी स्वतः एटापल्लीच्या पुढे त्याच्या गावी गेलो. तो धान मळत होता. मी माफी मागितली, तर तो ओशाळला, खाट टाकली, पाणी आणलं. लायसन्सकडे त्याने पाहिलंही नाही. मी कंपनीचं पत्र काढून मराठीत सांगितलं.

"म्हणजे मले दिसलं ते खरंच होतं?"

"खरं होतं."

"मी घरात बी दिवा लावला का दोनदा पाह्यतो साहेब. बायकोले विचारतो, पेटला ना?"

तपासात काय शिकलो, असं लोक विचारतात. दिवे तपासायला शिकलो, बॅटरी काढायच्या आधी पंचनामा करायला शिकलो, हे खरं आहे. पण एका थपडीने मी त्या माणसाचा त्याच्या डोळ्यांवरचा भरवसा काढून घेतला होता, आणि तो परत द्यायचं कुठलंही कलम नव्हतं. त्याने मला ते पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग त्याने बायकोला अंगणात बोलावलं आणि म्हणाला, "साहेब, आता हिच्यासमोर वाचा."