एक फळी, चार पुणेकर

छंद कुठलाही असो, वस्तू कमी जमतात आणि किस्से जास्त. आमच्याकडे आजमितीला वस्तू अकरा आहेत. किस्से मोजायचं आम्ही केव्हाच सोडलंय.

वस्तू म्हणजे जुन्या स्लॅलम स्की. मोटारबोटीला दोरी बांधायची, तिचं टोक धरून पाण्यावर उभं राहायचं आणि डावी-उजवीकडे वळणं घेत सुटायचं, असा तो खेळ. साधी माणसं दोन फळ्यांवर उभी राहतात. स्लॅलमवाले एकाच फळीवर, एक पाय पुढे, एक मागे. अशा जुन्या लाकडी फळ्या जमवणारे पुण्यात आम्ही चौघंच. बँकेतून निवृत्त झालेले, आमचे स्वयंघोषित अध्यक्ष बर्वे. खडकीला एका कारखान्यात सुतारकामात हयात घालवलेले दामले. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या शैलाताई. आणि मी, कोथरूडचा, ड्रॉइंग ऑफिसातला माणूस. चौघांत पोहता येतं ते दामले आणि शैलाताईंना. मला येत नाही. आणि बर्व्यांना पोहण्याचं तत्त्व माहीत आहे!

*

माझी पहिली फळी जुन्या बाजारात मिळाली. विकणारा भला माणूस होता. म्हणाला, "साहेब, नेऊ नका. एकच आहे, जोडी फुटलीये."

मी म्हटलं, "अहो, ती एकटीच असते."

त्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. पुढे दर रविवारी मी दिसलो की दिलासा द्यायचा, "शोधतोय हां, साहेब!" मीही समजावायचं सोडून दिलं.

तीनेक महिन्यांनी त्यानं लांबूनच हाक मारली. हातात दुसरी फळी! तेवढीच लांब, तेवढीच रुंद, पुढून तशीच निमुळती. मी धावत जाऊन हात लावला, तर पंजा तपकिरी झाला. रंग ओला होता.

"कुठे मिळाली?"

"मिळतेय कुठली! शेवटी घरच्या पलंगाची फळी कापली." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आता तरी खेळता येईल ना?"

ती आमची बारावी. बर्वे तिला यादीत घेत नाहीत.

*

एकदा येरवड्याहून एक फळी आणत होतो. बर्वे स्कूटर चालवतायत आणि मागे मी, साडेपाच फुटी फळी मिठीत उभी धरून. चौकात ट्रॅफिक हवालदारानं थांबवलं.

"हे काय?"

बर्वे अभिमानानं म्हणाले, "पाण्यावर चालवायची फळी आहे."

हवालदारानं शांतपणे बर्व्यांकडे पाहिलं, मग फळीकडे. "मग रस्त्यावर कशाला आणलीत?"



*

माझ्या मुलीला बघायला मंडळी आली होती. मुलगा आयटीत, आईवडील सुसंस्कृत. मुलाच्या वडिलांचं लक्ष बूट ठेवायच्या रॅकशेजारच्या फळीकडे गेलं. सहज म्हणाले, "हे काय हो?"

बायकोनं डोळे मिटले. तिला पुढचं माहीत होतं.

मी फक्त चाळीस मिनिटं बोललो. पोहे गार झाले. मुलाला फळीवर उभंही करून दाखवलं, त्याचा कुठला पाय पुढे यायला हवा ते! तिसऱ्या दिवशी निरोप आला, "मुलगी उत्तम आहे. पण घरात हौस फार आहे."

बायको दोन दिवस बोलली नाही. मी तोंड पाडून मुलीकडे गेलो, म्हटलं, "चुकलंच माझं."

ती म्हणाली, "बाबा, थँक यू! त्याला नाही कसं म्हणायचं, याचंच मला टेन्शन आलं होतं."

*

आम्ही एक प्रदर्शनही भरवलं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये, मोफत. बर्व्यांनी स्वतः पाटी लिहिली: "कृपया हात लावू नये. पाय तर मुळीच लावू नये." दिवसभरात नऊजण आले. त्यातले दोघं योगासनांचा वर्ग समजून.

एक गृहस्थ मात्र अकराच्या अकरा फळ्या वाकून वाकून बघत फिरले. शेवटी दामल्यांपाशी येऊन म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण याचा उपयोग काय?"

दामले खुर्चीतून हललेही नाहीत. "तुम्ही गेलात की हॉल झाडायचाय. झाडता झाडता विचार करतो."

*

बर्व्यांचा जीव की प्राण म्हणजे एक गडद, चकचकीत फळी. अस्सल अमेरिकन. कशावरून? तर वासावरून! "परदेशी लाकडाला एक वेगळा गंध असतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि त्याला नाक लावायला भाग पाडत. मीही दोनदा लावलंय.

एका संध्याकाळी त्यांनी दामल्यांनाही हुंगायला लावलं. दामले हुंगून म्हणाले, "साग आहे. आपल्याकडचा."

झालं! बर्वे पेटले. "वरचा, पाय अडकवायचा रबरी बूट उघडा. खाली कंपनीचा शिक्का निघेल. निघाला तर सगळ्यांसमोर माफी मागायची!"

दामल्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात कायम असतो, इतरांच्या पेनासारखा. चार स्क्रू निघाले, बुटाची पट्टी उचलली. खाली पेन्सिलीनं, स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं, "डावा पाय पुढे. सोमवारी द्यायची. दामले."

दामले म्हणाले, "एका साहेबांची मोडली होती. घरी अंगणात बसून करून दिली. तेव्हा मला मिशा नव्हत्या." आणि त्या अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

बर्व्यांनी फळी पुन्हा एकदा हुंगली. मग म्हणाले, "अमेरिकेतही दामले असतीलच की!"

"असतील," दामले म्हणाले. "पण अक्षर माझं आहे."

*

शैलाताई तरुणपणी स्लॅलम करायच्या. आमच्यात पाण्यावर खरोखर उभ्या राहिलेल्या त्या एकट्याच. पण बर्व्यांना पुरावा हवा. "फोटो आहे का?" हा प्रश्न त्यांनी गेल्या चार वर्षांत दर बैठकीत विचारलाय. शैलाताई दरवेळी म्हणायच्या, "नाही. आमच्याकडे कॅमेरा नव्हता." त्यावर बर्वे नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"नं शैलाताईंचे कान लाल व्हायचे. दोनदा तर त्या चहा अर्धा ठेवून घरी गेल्या.

यंदा हिवाळ्यात धरणाच्या पाण्यावर एका ओळखीच्याची मोटारबोट मिळाली. आधी मान अध्यक्षांचा! बर्वे लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरले. तीनदा बोट निघाली आणि तीनदा बर्वे तिथेच राहिले. चौथ्या वेळी दोरी सोडायची विसरले आणि पन्नास फूट पाण्याखालून, तत्त्वानुसार, बोटीमागे गेले.

शैलाताईंनी चष्मा काढून दामल्यांच्या हातात दिला. गुडघ्याला पट्टा आवळला.

मी म्हटलं, "ताई, राहू दे. अडुसष्ट म्हणजे काही..."

"बोट सुरू करा," त्या म्हणाल्या.

पहिल्याच हिसक्याला उभ्या राहिल्या. आधी सरळ गेल्या, जरा डगमगत. मग डावीकडे कलल्या. पाण्याचा एक पांढरा पंखा उभा राहिला. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. बोट पार पलीकडे जाऊन वळली, आल्या वाटेनं परत आली आणि शैलाताईंनी काठाजवळ दोरी सोडून दिली. हळूच पाण्यात बसल्या, खुर्चीत बसावं तशा.

दामले चष्म्याच्या काचा पुसत होते, पुसलेल्याच पुन्हा.

शैलाताई धापा टाकत वर आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बर्वे, शूटिंग केलंत ना?"

"पूर्ण! पहिल्यापासून शेवटपर्यंत!" बर्व्यांनी फोन पुढे केला. आम्ही चौघंही त्यावर वाकलो.

गडबडीत कॅमेरा उलटा चालू झाला होता. शैलाताई कुठेच नाहीत. पूर्ण दोन मिनिटं फक्त बर्वे. ओले केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आणि शेवटी शेवटी डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बर्व्यांचा चेहरा पडला. "माफ करा. मी लगेच डिलीट करतो."

शैलाताईंनी फोन हातातून काढून घेतला. चष्मा लावला. व्हिडिओ पुन्हा एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला.

मग म्हणाल्या, "डिलीट करू नका, बर्वे. माझा इतका चांगला फोटो आजवर कुणी काढला नव्हता."