चाळीस नगांची पेटी

मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या गॅरेजवाल्याला मी दहा वर्षं ओळखतो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. प्रत्येक गाडीपुढे बसताना तो आधी "हां" म्हणून सुस्कारा टाकतो. बोलायचाही त्याला शीण येतो. घरच्या शेडमध्ये बाइकची बारीकसारीक कामं करायला कोणती हत्यारं घेऊ, असं मी विचारलं, तर वर न बघता म्हणाला, "पेटी नको, गुरुजी. तीन पाने आन एक पक्कड घ्या. पाना दुकानातच बोल्टला लावून बघा. हलला तर ठेवा तिथंच."

तरी स्वस्त मिळाली म्हणून मी चाळीस नगांची चकचकीत पेटी घेतली.

दसऱ्याला सकाळी शहापूरला बहिणीकडे निघालो, तर मागचा ब्रेक ढिला. त्याच्याकडे गेलो. त्याची सगळी हत्यारं पाटावर झेंडूच्या फुलांत मांडलेली होती. पूजेला ठेवलेलं हत्यार त्या दिवशी तो उचलत नाही.

"हां. तुमची पेटी काढा."

बाइकच्या मागे बांधलेली पेटी मी मान खाली घालून सोडून दिली. पाना नटावरून दोनदा घसरला, त्याच्या बोटाचं सालपट निघालं. बोट पँटला पुसून त्याने ब्रेक कसाबसा आवळला. आता हा मला ऐकवणार, असं वाटलं. त्याने पाना फडक्याने पुसला, पाटावर आपल्या पान्यांशेजारी ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्याला हळद-कुंकू लावलं.

"आज नाय काय बोलायचा त्याला," तो म्हणाला. "उद्या बदला."