तुळशीखालची टाकी

फिनेलचा वास आला की मला आमच्या पेडण्याच्या घराचं अंगण दिसतं. गोवा राज्य झालं त्या साली, चवथ तोंडावर आलेली असताना, संडासाचं पाणी उलटं वर येऊ लागलं. घरात गणपती बसायचा होता आणि माजघरापर्यंत घाण वास भरला होता. बाबा नुसतं फिनेल ओतत होते आणि "पायप तुंबला असतलो," म्हणत होते. शेवटी आईनेच बेळगावकडच्या एका कामगाराला बोलावून आणलं. संडासाच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते बाबा सांगेनात, म्हणून तो पहारीने अंगण ठोकत निघाला. सगळीकडे भरीव आवाज येत होता. तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी मात्र पोकळ आवाज आला. त्याने पहार खाली ठेवली. "आई, तुळशीवर घाव न्हाई घालनार मी." आईने बाबांकडे पाहिलं. बाबा पुटपुटले, "टाकीचो आयतो स्लॅब होतो, पक्को... म्हणान वृंदावन थंयच बांदलंय." "रोज सांजवेळेक मी हयसर दिवो लायतंय," आई म्हणाली, "आनि तुमी एक शब्द बोलूक नाय?" मग तिने दोन्ही हातांनी तुळस मातीसकट उपटून बादलीत ठेवली आणि म्हणाली, "फोड आता." टाकी मोकळी झाली, चवथही झाली. नवं वृंदावन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आईने स्वतः जागा बघून बांधून घेतलं. पण त्यानंतर रोज दिवा लावण्याआधी ती टाचेने जमीन ठोकून ऐकायची आणि पडवीत बसलेले बाबा मान खाली घालायचे. आज मी फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीतल्या तुळशीला पाणी घालते, तेव्हा माझीही टाच आपोआप लादीवर आपटते.