हशासाठी सोडलेली जागा

विनोद सांगून झाला की तो पोरगा थांबायचा. कोणी हसायचं नाही. ठरलेला वेळ थांबून तो पुढचं वाक्य बोलायचा.

हे गेल्यावर लेकीने मला महिनाभर तिच्याकडे इंग्लंडला नेलं होतं. तिच्या मैत्रिणीचा हा भाऊ. एका मालिकेत वेटर झालेला, आणि आता पबच्या माडीवर दुपारचे विनोदी कार्यक्रम करणारा. "चल गं आई, तेवढीच दोन माणसं वाढतील," लेक म्हणाली. आम्ही धरून सहाजण झालो.

मला त्याचं बोलणं निम्मं कळत नव्हतं. जे कळलं, त्यानेही आत काही हललं नाही. आपल्याकडे नट टाळी पडली की थांबतात, ते पुष्कळदा पाहिलंय. टाळी नसताना थांबणारा पहिल्यांदाच बघत होते.

नंतर तो स्वतःच खुर्च्या उचलत होता. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "कोणी हसत नाही, तर थांबतोस कशाला?"

"आरशासमोर तसंच बसवलंय," तो म्हणाला. "हशाची जागा गाळली, तर पुढचं आठवतच नाही."

मी मान हलवली. आम्ही जिना उतरलो.

महिना संपवून इकडे आपल्या घरी परत आले, त्या संध्याकाळी चहा टाकला. बाहेरच्या खोलीतल्या ह्यांच्या खुर्चीकडे तोंड करून म्हणाले, "आज आलं जरा जास्तच पडलंय हं."

आणि थांबले.

मग म्हणाले, "बरं, दूध वाढवते."