गाळलेले राम राम

नुकत्याच खणून काढलेल्या केळीच्या कंदाला एक थंड, ओलसर, किंचित तुरट वास असतो. रावेरला एक काम समजून घ्यायला गेलो, तेव्हा अक्कांच्या घरामागच्या बागेत तो मला पहिल्यांदा आला. आजकाल बहुतेक बागा प्रयोगशाळेतल्या रोपांवर उभ्या राहतात, पण अक्कांकडे एका तुकड्यात अजून जुन्या रीतीने लागवड होते. गडी कंद हातात फिरवत त्याच्या मुळ्या कोयत्याने तासत होता. कोंब आला की मात्र त्याचा हात आपोआप हळू व्हायचा. नव्या जमिनीत जायचे तर जुन्या मुळ्यांचे ओझे नको, एवढे मला कळले आणि ते पटलेही, कारण माझा धंदाही साधारण तोच आहे.

मी जळगावात राहून जुनी संकेतस्थळे नव्या सर्व्हरवर हलवतो. ज्या सॉफ्टवेअरवर ती एके काळी उभारली, त्याच्या निर्मात्यांनीच त्याच्यावरचे लक्ष काढून घेतलेले असते. नवा सर्व्हर त्याला दारात उभे करत नाही आणि जुना एक दिवस कायमचा बंद होणार असतो. धुळ्याच्या एका शाळेचे स्थळ मी हलवले, चाळीसगावच्या एका बियाणे दुकानाचे हलवले. कुणाचे काय आहे यात मी मन घालत नाही. सामान उचलणाऱ्याने घरातल्या तसबिरींशी बोलत बसू नये, असे माझे मत होते, आणि या कोरडेपणाचा मला थोडा अभिमानही होता. नाही तरी या पानांना ना दगड ना विटा. जे मुळात कुठेच नसते, त्याच्या स्थलांतराचे दुःख ते काय करायचे?

अक्कांचे यजमान नाना केळीतले जाणकार. त्यांनी हौसेने एक स्थळ काढले होते. शेतकऱ्यांनी चौकटीत प्रश्न लिहायचा, नानांनी त्याखाली उत्तर द्यायचे. करपा रोगापासून घड वाकण्यापर्यंत सारे काही त्यात होते. दोन वर्षांपूर्वी नाना गेले. स्थळ तसेच चालू राहिले, आणि आता त्याचा सर्व्हर शनिवारी संध्याकाळी बंद होणार होता. अक्कांनी फोनवर एवढेच सांगितले होते, "भाऊ, ते बंद नका पडू देऊ."

मी ते बंद पडू दिले नाही. प्रश्नोत्तरे नीट काढून घेतली, त्यांची साधी स्थिर पाने केली आणि प्रश्नाची चौकट बंद केली. आता उत्तर देणारे कोण होते? शिवाय पुष्कळशा नोंदींत प्रश्नच नव्हता. नुसते 'राम राम'. त्यातल्या जुन्या नोंदींखाली नानांचे 'राम राम, बरं आहे ना?' एवढेच उत्तर. आणि गेली दोन वर्षे तर रोज सकाळी, न चुकता, तेच दोन शब्द, नाव नाही, गाव नाही, आणि प्रत्येकाखाली जुन्या सॉफ्टवेअरने आपणहून उमटवलेली ओळ: 'उत्तर लवकरच मिळेल.' असली नियमितता यंत्राचीच असते, असा निवाडा देऊन मी त्या साऱ्या नोंदी गाळल्या. मुळ्या तासल्या म्हणा ना.

गुरुवारी नवे स्थळ दाखवायला रावेरला गेलो. ओसरीत बसून अक्का फोनवर बोट फिरवत राहिल्या, वर, खाली, पुन्हा वर. मी चहा संपवला. मग त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारले, "राम राम कुठी गेले, भाऊ?"

मी म्हणालो, त्यात माहिती काही नव्हती, म्हणून काढले.

"माह्यती?" अक्का म्हणाल्या. "कोनाच्या दारात गेलं तं आधी राम राम व्हते. मंग पानी, मंग काम. लोकं पह्यले राम राम लिहत, ह्यायचं उत्तर आलं का मंग दुसऱ्या दिशी केळीचं विचारत. हे म्हनत, मानसाले घाई नसली का रोग बरोबर सांगते." आणि बागेकडे बघत त्या म्हणाल्या, "रोजचा व्हता, तो माह्या व्हता. चाळीस वर्स सकाई चहा झाला का ह्यायले राम राम करे, आता तिथी लिहे मी."

मला लाज वाटली, आणि ती लाज वाटते आहे हे लपवायला मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. चाळीस वर्षे ज्या घरात सकाळ एका अभिवादनाने होत आली, तिथल्या बाईने ते अभिवादन करायला उरलेली एकच जागा शोधून काढली होती, आणि मी ती केर म्हणून झाडून टाकली होती. माणसाच्या सातत्याला यंत्र समजण्याइतका मी शहाणा झालो होतो!

जुना सर्व्हर अजून दोन दिवस जिवंत होता, हे माझे नशीब. शुक्रवारभर बसून एकेक राम राम परत आणला, शेतकऱ्यांचे, नानांचे, अक्कांचे. जुनी चौकट नव्या जागी चालणे शक्य नव्हते, म्हणून तशीच दुसरी बांधली. एकच गोष्ट अडली. 'उत्तर लवकरच मिळेल' ही ओळ आता उघड खोटी होती, आणि खोटे वचन देणारी पाने मी करत नाही. अक्कांना फोन करून विचारले, ती ओळ काढू ना?

"मले ठावं आहे भाऊ, नाही येनार," त्या म्हणाल्या. "पन असू द्या."

शनिवारी संध्याकाळी जुना सर्व्हर ठरल्याप्रमाणे बंद झाला. रविवारी सकाळी मी नवे स्थळ उघडले, तर सगळ्यांत वर अक्कांचा राम राम येऊन बसला होता आणि त्याखाली, मीच माझ्या हाताने लिहिलेली ती ओळ. कंद तासणाऱ्या त्या गड्याला मी विचारले नव्हते की मुळी कुठली आणि कोंब कुठला हे त्याला कसे कळते. पुढच्या खेपेला विचारीन. तो तुरट वास मात्र त्या सकाळी जळगावच्या माझ्या खोलीतही आल्यासारखा वाटला, आणि बराच वेळ मी ते पान मिटले नाही.