हनुवटीतली मशेरी

आमच्या सोसायटीच्या कमिटीने जिन्याला चकचकीत टाइल्स बसवल्या. जुन्या लादीवर चाळीस वर्षांत कोणी घसरलं नव्हतं, ही उणीव भरून काढणं गरजेचंच होतं. पहिला मान मला मिळाला. शाळेत बावीस वर्षं मी पोरांना ‘खाली बघून चाला’ म्हणून ओरडतेय. पीटीची शिक्षिका आहे मी. पहिल्या मजल्यावरून उतरताना तोंडावर आपटले, खालचे दात खालच्या ओठातून आरपार गेले आणि हनुवटी फुटली.

आमचं दार उघडंच होतं. सासूबाई धावत आल्या. पंच्याऐंशीच्या वयात त्या एरवी धावत नाहीत. पण कंबरेला मशेरीची डबी असते आणि ती दुसऱ्याच्या जखमेवर वापरायची संधी रोज येत नाही. भाजलेली तंबाखू कुटून केलेली ही काळी पूड त्या सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात. त्यांच्या मते ती दातदुखीवर चालते, पोटावर चालते आणि जखमेवर तर चालतेच.

“हालू नको गो. रगात आत्ता थांबात.”

“आई, नको, जळजळतंय...”

“जळतला तर बरा होतला.”

असं म्हणून त्यांनी चिमूटभर मशेरी माझ्या हनुवटीत दाबून भरली. रक्त थांबलं, हे मान्य करायला हवं. बहुतेक तेही घाबरलं असावं.

नाहूर स्टेशनजवळच्या दवाखान्यातल्या तरुण सर्जनने जखम बघितली आणि विचारलं, “पडलात कुठे, कोळशाच्या गोदामात?” मी सांगितलं. बधिर करून, ब्रशने घासून तो एकेक कण काढत बसला. आत राहिलेला कण कातडीखाली कायमचा बसतो, गोंदल्यासारखा, असं म्हणाला. ओठाला त्याने आतून वेगळे टाके घातले आणि बाहेरून वेगळे. ओठाची कड आधी जुळवली. ती केसभर चुकली तरी जन्मभर दिसते.

आतला भाग आठवड्यात भरून आला. तोंडातल्या जखमा अशाच लवकर भरतात म्हणे, तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. आपण मात्र वर्षानुवर्षं श्रेय हळदीच्या दुधाला देतो. बाहेरचं प्रकरण निवांत होतं. टाके पाचव्या दिवशी निघाले, पण व्रण आधी लाल, मग जांभळट, मग टणक झाला. दरम्यान सोसायटीतल्या सगळ्या बायका त्वचारोगतज्ज्ञ झाल्या. एकीने खोबरेल सांगितलं, दुसरीने टूथपेस्ट. तिसरीने माझ्याकडे बराच वेळ बघून “नवऱ्याशी सगळं ठीक आहे ना?” असं हळूच विचारलं. तिला मी जिन्याच्या टाइल्स दाखवल्या.

दिसण्याचं मला फारसं वाटत नव्हतं. पन्नाशीत हनुवटीकडे कोण बघतंय? मला शिट्टी वाजवता येईना.

ओठाच्या आत, उजवीकडे, शेंगदाण्याएवढी गाठ राहिली होती. शिट्टी धरली की तिच्या बाजूने हवा निसटायची आणि आवाज यायचा फुस्स, सायकलच्या पंक्चरसारखा. मुख्याध्यापिका फार समजूतदार. “मॅडम, मोबाइलवर शिट्टीचं ॲप असतं ना. यंदाच्या क्रीडादिनाला नवीन टीचर मैदान बघतील. तुम्ही आराम करा, लायब्ररी सांभाळा.” नवीन टीचर पंचवीस वर्षांची, तिच्या हाताला माइक चिकटलेलाच असतो. लायब्ररीत दोन कपाटं आहेत आणि एकाची किल्ली हरवली आहे. मी क्रीडादिनापर्यंत मुदत मागितली. दीड महिना होता.

सर्जन म्हणाला, रोज बोटाने गाठ चोळा, मऊ होत जाईल, पण वेळ लागेल. मी चोळत राहिले. भाजी शिजेपर्यंत, वह्या तपासताना, रिक्षात बसल्या बसल्या. गाठ मऊ झाली खरी, पण आवाज फुस्सच.

क्रीडादिनाच्या आदल्या आठवड्यात मी बाल्कनीत शिट्टीचं पंक्चर काढत बसले होते. सासूबाई आत बसून ऐकत होत्या. मी पडले त्या दिवसापासून मशेरीचा विषय आमच्यात निघाला नव्हता. त्यांनीही काढला नव्हता आणि डबी माझ्यासमोर उघडणंही बंद केलं होतं. शेवटी त्या उठून आल्या.

“मधी कित्याक धरतंस? ह्या कोपऱ्यात धर.” डाव्या गालाकडे बोट. “गाल आत वढ. तोंडात काय धरूचा ता माका इचार. साठ वर्षां मशेरी धरलंय, एक कण भायर येवक नाय.”

“आई, ती मशेरी. ही शिट्टी.”

“तोंड ताच मां?”

मी शिट्टी डाव्या कोपऱ्यात सरकवली, गाल आत ओढला, फुंकली. खाली वॉचमन खुर्चीवरून उठला आणि येत नसलेल्या गाडीसाठी गेट उघडायला धावला.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या. डबी काढली आणि माझ्यासमोरच बोटभर मशेरी दातांना लावली.

क्रीडादिनाला मैदान माझंच होतं. तोंड जरा वाकडं करून वाजवते आता, पण शंभर मीटरच्या टोकाला उभ्या पोरांना ऐकू जातं. व्रण पांढरट होत चाललाय. त्यात तीन काळे ठिपके राहिले आहेत, सर्जनच्या ब्रशला न सापडलेले. लेझरने जातात म्हणे. मी चौकशी केलेली नाही.

सहावीतल्या एका मुलीने रांगेतून विचारलं, “मॅडम, हनुवटीवर टॅटू काढलाय?”

“नाही. मशेरी आहे.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. आणि खाली बघून पळ.”